ऐंशी वर्षांची मेख

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या अनेक मंडळींचे फ्लॅट लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर असतात. पट्ट्याची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे उरली असली की वाटते, आपल्या हयातीत चिंता नाही. पण घर विकताना विचार घेणाऱ्याच्या बँकेचा करावा लागतो आणि मुदत थोडी उरली असेल तर बँका कर्जाला नाखूष असतात. त्याहून मोठी मेख पुढे आहे. १९९३ च्या कायद्याने मुदत ९० वर्षांनी वाढवून घेण्याचा हक्क दिला खरा, पण उरलेली वर्षे ८० च्या खाली गेली की मुदतवाढीने वाढणाऱ्या किमतीतला निम्मा वाटा, ज्याला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात, जमीनमालकाला द्यावा लागतो. १९८५ साली दिलेली १२५ वर्षांची लीज २०३० मध्ये या उंबरठ्यावर येते.

२०२४ च्या नव्या कायद्यात ९९० वर्षांची मुदतवाढ आहे, मॅरेज व्हॅल्यूही रद्द होणार आहे. मग थांबावे, असे काही जण म्हणतात. शंभराहून अधिक वर्षे हाती असतील, तर हे म्हणणे रास्तच आहे. पण कायदा संमत होणे वेगळे आणि प्रत्येक कलम अमलात येणे वेगळे. घर घेतल्यावर दोन वर्षे थांबण्याची अट जानेवारी २०२५ मध्ये उठली, किमतीची कलमे मात्र मागे राहिली. ८१-८२ वर्षे उरलेल्यांनी हा जुगार खेळू नये. रीतसर नोटीस दिली की किंमत त्याच दिवसाच्या हिशेबाने ठरते, वाटाघाटी कितीही लांबोत. तेव्हा लीजचा कागद आजच काढून मुदत तपासा.