सरावात गेलेल्या सैनिक स्त्रिया



रणात पडला तो वीर, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. कितीतरी गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. पहिल्या महायुद्धानंतर काही गावांत दगडी पाट्याही बसल्या. गावातून किती पुरुष युद्धावर गेले आणि किती कामास आले, एवढेच त्यांवर कोरलेले असते. पण लढाईची तयारी करतानाच ज्याला मरण आले, त्याला कोणत्या रांगेत बसवायचे? आणि ती जर स्त्री असेल, तर?

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात हजाराहून अधिक तरुणी सैन्याची विमाने चालवीत. त्यांतील ३८ जणी मरण पावल्या. ११ जणी तर शिक्षण चालू असतानाच. मेबल रॉलिन्सन ही त्या ३८ जणींपैकी एक. ही बाई आधी ग्रंथालयात काम करी. २३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री, नॉर्थ कॅरोलिनातील कॅम्प डेव्हिस येथे, सरावाच्या उड्डाणात तिचे विमान कोसळून पेटले आणि ती त्यात गेली. या स्त्रिया कामाने सैनिक, पण कागदोपत्री मुलकी नोकर! त्यामुळे शवपेटीवर राष्ट्रध्वज नाही, विमा नाही. देह घरी पोहोचविण्यासाठी मैत्रिणींनी वर्गणी काढावी, अशीही वेळ आली. १९७७ साली कायदा झाला, तेव्हा कुठे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळाला.

ब्रिटिशांच्या बाजूला नियम निराळा होता, आणि तो पाहायला आपल्याला लांब जायला नको. शिरगावहून तळेगाव स्टेशन गाठावे, पुण्याची लोकल धरावी आणि खडकीला उतरावे. तेथील युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ समाधी आहेत. तिची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचा नियम असा, की ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सैन्यसेवेत असताना जो गेला, त्याची नोंद व्हायची. मग तो गोळीने जावो, तापाने जावो, की अपघाताने. मला हा नियम न्यायाचा वाटतो. विहीर खणताना दरड कोसळून माणूस गेला, तर पाणी लागण्यापूर्वी गेला म्हणून आपण त्याचे कष्ट वजा करतो काय?

आपल्याकडेही १९४२ साली 'विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर' हे स्त्रियांचे दल उभे राहिले आणि हजारो स्त्रिया त्यात दाखल झाल्या. अशा दलातील एखाद्या बाईचा शोध कसा घ्यावा? समाधीच्या दगडावर नाव, दल, तारीख असते. मरणाचे कारण बहुधा नसते. ते सैन्याच्या चौकशीच्या कागदात किंवा घरी आलेल्या पत्रात शोधावे लागते. त्यातून आपल्याकडे आणखी एक अडचण. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. आणि लग्नात पाळण्यातले नावसुद्धा बदलायचे! भरती झाली एका नावाने आणि गावाने ओळखले दुसऱ्याने, तर दोन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत हे कळायचे कसे? ते कागद सांगत नाही; ते सांगते एखादी म्हातारी आत्या, नाहीतर मावशी.

म्हणून शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे. सुट्टीत मुलांना चार घरी पाठवा. फौजेत कोण होते, हे तर विचाराच, पण 'कोणी बाई होती का?' हेही विचारायला सांगा. माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे, साल, गाव लिहून घ्या. जुन्या पत्राचा पाकीट नंबरही टाकू नका. मग ती यादी घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सांगणारी माणसे फार दिवस राहणार नाहीत.

आणि ही केवळ जुनी गोष्ट नाही. २४ मार्च २०१५ रोजी गोव्याजवळच्या समुद्रात नौदलाचे डॉर्निअर विमान कोसळले. उड्डाण सरावाचे होते, काळ शांततेचा होता. लेफ्टनंट किरण शेखावत त्यात गेल्या. कर्तव्यावर प्राण देणाऱ्या नौदलातील त्या पहिल्या स्त्री अधिकारी. दोनच महिन्यांपूर्वी, प्रजासत्ताक दिनी, नौदलाच्या स्त्रियांच्या पथकातून त्या दिल्लीत संचलन करीत गेल्या होत्या. त्यांचे नाव देशाने नोंदवले, हे योग्यच झाले.

मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. १७ जणी होत्या. उद्या आपल्या मावळातल्या मुलीही जातील, जावोत. लेक फौजेत धाडणाऱ्या आईबापांना एवढा भरवसा हवा, की ती आघाडीवर असो की सरावाच्या मैदानावर, तिची सेवा एकाच मापाने मोजली जाईल. तो भरवसा द्यायचा, तर आधी गेलेल्यांची नावे आपण शोधली पाहिजेत. एवढे काम आपल्या गावापुरते तरी आपण करू या.