चिठ्ठीवरचा 'बी'



वैद्यकातल्या विषयावर बोलावयास वैद्य बोलवावा. आपण युनियनचा माणूस बोलावलात. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. इंग्रजी जे काही येते ते कामगारांचे कागद वाचता वाचता आले, आणि त्या कागदांत पगारपत्रकांच्या खालोखाल भरणा दवाखान्याच्या कागदांचा. म्हणून आज फार मोठा विषय न घेता एकाच अक्षराविषयी बोलावयाचे ठरविले आहे. ते अक्षर इंग्रजी 'बी'.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे 'बी.डी.' लिहिलेले असते. ते लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ दिवसातून दोन वेळा. कोणी 'बी.टी.' लिहून 'झोपतेवेळी' असे सुचवितो, आणि घाईच्या अक्षरात ते 'बी.डी.'सारखे दिसले की एकदाची गोळी दोनदा पोटात जाते. शिवाय हेच 'बी.टी.' रक्ततपासणीच्या कागदावर आले तर जखमेतून रक्त किती वेळ वाहते याची ती नोंद असते. 'बी.पी.' तर आता घरोघरी पोचले आहे. अमक्याला बीपी आहे, म्हणजे रक्ताचा दाब जास्त आहे. पण एखाद्या बाटलीवर औषधाच्या नावापुढे 'बी.पी.' छापलेले असले तर ते दाबाचे औषध नव्हे. ब्रिटिश औषधकोशात ठरविलेल्या प्रतीप्रमाणे ते तयार केले आहे, एवढेच तिथे सांगितलेले असते. आपला भारतीय औषधकोश 1955 साली निघाला. त्याची खूण 'आय.पी.'. दंडावर ज्याचा वण राहतो त्या 'बी.सी.जी.'तला 'बी' म्हणजे बॅसिलस, जंतू. 'सी' आणि 'जी' ही काल्मेट आणि गेराँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांची आद्याक्षरे. 'टी.बी.'तला 'बी' देखील तोच जंतू. रोगाच्या नावात तो आणि लशीच्या नावातही तोच!

इथवर गंमत आहे. चुकले तर औषधविक्रेता सांभाळून घेतो. पण याच अक्षराने सुरू होणारी दोन नावे अशी आहेत की त्यांच्यातला फरक कोणी सांभाळून घेत नाही. एक ब्राँकायटिस आणि दुसरे बायसिनोसिस.

ब्राँकायटिस म्हणजे श्वासनलिकांची सूज. ती थंडीने, धुराने, तंबाखूने, कोणालाही होते. बायसिनोसिस हा कापसाच्या धुळीचा रोग. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थ तलम वस्त्र. रोगाला एवढे सुंदर नाव दुसरे नसेल. गिरणीत कापसाच्या गाठी फोडून पिंजतात ती ब्लोरूम आणि पुढचे कार्डिंग खाते, इथे धूळ सर्वांत जास्त. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की आधी छाती आवळते, मग खोकला, मग दम. क्ष-किरणांच्या फोटोत या रोगाची स्वतःची अशी खूण उमटत नाही. उशिराच्या पायरीवर तो ब्राँकायटिसहून वेगळा काढणे डॉक्टरांनाही जड जाते.

मात्र सुरुवातीला त्याची एक खूण असते. सुटीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरकेल तसे बरे वाटू लागते. लँकशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी 1950 नंतरच्या दशकात याच प्रश्नावर रोगाच्या पायऱ्या बसविल्या : त्रास फक्त सोमवारी होतो की इतर दिवशीही? आमच्या मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी आली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, 1890 साली. ती सुटी विसाव्यासाठी मागितली होती. तिने कामगाराच्या छातीतला सोमवारही वेगळा काढून दाखविला, हे आम्हांला फार विलक्षण वाटते.

याच तालुक्यातले एक वयोवृद्ध गिरणी कामगार आम्हांला माहीत आहेत. कार्डिंगमध्ये उमेद घालवून, गिरणी बंद पडल्यावर गावी आले. त्यांच्या पिशवीत शहरातल्या एका दवाखान्याचे कागद होते आणि प्रत्येकावर रोगाच्या जागी दोनच अक्षरे : 'बी.आर.'. ब्राँकायटिसचा तो संक्षेप. आम्ही विचारले, "अण्णा, छाती कधी आवळायची?" म्हणाले, "सुटी खाऊन कामावर गेलं की. बुधवारपर्यंत मोकळं व्हायचं. मला वाटायचं, रविवारी जादा झोपलो म्हणून अंग जड झालं." हे डॉक्टरांना सांगितले होते का? "त्यांनी बिडी ओढतोस का तेवढं विचारलं. ओढत होतो. मग काय बोलणार?"

बिडी, हाही एक 'ब'च. बिडीने रोग बळावतो यात शंका नाही, आणि ती सोडावी हेही खरे. पण बिडीचे नाव निघाले की गिरणीचे नाव मागे पडते.

आता या दोन नावांत पैशाचा फरक किती तो पाहा. धंद्यामुळे जडणाऱ्या रोगांची यादी 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होती; 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. तीत बायसिनोसिस आहे, साधे ब्राँकायटिस नाही. विमा योजनेतही नुसत्या आजारपणाचा लाभ ठरावीक दिवसांपुरता. कामामुळे कायमचे अपंगत्व आले तर लाभ जन्मभर. अण्णांच्या कागदावर 'बी.आर.' होते. दाव्याला पायच उरला नाही.

डॉक्टरांवर सगळा दोष टाकावा असे आम्ही म्हणणार नाही. दारात शेदोनशे माणूस उभे असताना दोन अक्षरांत भागवावेसे कोणालाही वाटेल. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे 2016 साली डॉक्टरांच्या नियमांत आले. पण ते औषधाच्या नावापुरते. रोगाचे नाव कसे लिहावे यावर तो नियम बोलत नाही. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने मात्र 1700 साली लिहून ठेवले की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा : तू काम काय करतोस? आपल्या केसपेपरावर 'व्यवसाय' असा रकाना असतो तो त्यासाठीच.

हा प्रश्न जुन्या गिरणीवाल्यांपुरता नाही. सांगली-कोल्हापूरकडे सूतगिरण्या आहेत. साखर कारखाने तर आपल्या जिल्ह्यातच आहेत, आणि तिथे तिसरा 'ब' बसलेला आहे, बगॅसोसिस. उसाचे चिपाड, म्हणजे बगॅस, साठवून ठेवले की त्यावर बुरशी धरते. ती धूळ श्वासात गेली की काही तासांनी ताप, खोकला आणि धाप. न्यूमोनिया म्हणून औषध दिले जाते, बरे वाटते, आणि माणूस पुन्हा त्याच ढिगाऱ्यापाशी उभा राहतो. हाही रोग त्या यादीत आहे.

मुंबईहून परतलेल्या माणसाला इथल्या दवाखान्यात व्यवसाय विचारला की तो 'शेती' सांगतो. खोटे नाही; आज तो शेतीच करतो. पण त्या एका शब्दाने कार्डिंगची सगळी वर्षे कागदावरून पुसली जातात. तेव्हा सभेतल्या तरुण मंडळींना एवढेच सांगणे की घरातल्या म्हाताऱ्यांबरोबर स्वतः दवाखान्यात जा. 'आधी गिरणीत, अमुक खात्यात, अमुक वर्षे' असे रकान्यात लिहवून घ्या. सुटीनंतरच्या दिवसाचे सांगा. जे अजून धुळीच्या कामावर आहेत त्यांनी सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर, फुंकून करावयाची श्वासाची तपासणी मागावी. आणि रोगाचे नाव काहीही निघो, ते संपूर्ण लिहून मागा. दोन अक्षरांचा कागद घेऊन परत येऊ नका; व्याख्यानानंतर असे कागद कोणी आणले असतील तर आम्ही इथेच बसलो आहोत.