म्हशीची अंडपेशी आणि प्राणवायूचे प्रमाण

इंदूरच्या पश्चिम भागात, अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूस, सुदामा नगर ही मोठी वसाहत पसरली आहे. तेथील एखाद्या मराठी घरात सकाळी दूध तापत असते व त्यावर जाड साय धरते, तेव्हा ते दूध बहुधा म्हशीचे आहे हे गृहिणीला सांगावे लागत नाही. दूध किती मिळावे हे गोठा, चारा व पाणी यांवर ठरते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खराच आहे. परंतु उद्याची दुभती म्हैस कोणत्या वंशाची असावी, याचा निर्णय आता काही ठिकाणी गोठ्याबाहेर, प्रयोगशाळेतील एका लहानशा बशीत होऊ लागला आहे. त्या बशीत म्हशीची अंडपेशी पिकविली जाते. आणि ती नीट पिकण्याच्या आड जे अनेक अडथळे येतात, त्यांत प्राणवायूचा अतिरेक हा एक प्रमुख अडथळा होय.

हा खटाटोप करावा तरी कशासाठी, असा प्रश्न कोणाही पशुपालकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर म्हशीच्या स्वभावातच आहे. तिचा माज पुष्कळदा मुका असतो. उन्हाळ्यात तर तो ध्यानातही येत नाही. दोन वेतांतील अंतर वाढते, भाकड काळ लांबतो आणि मालकाला दुधाविना वैरणीचा खर्च सोसावा लागतो. चांगल्या वळूचा किंवा रेड्याचा वंश वाढविणे कृत्रिम रेतनामुळे सोपे झाले. भारतात त्याचा आरंभ १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाला. पुढे महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेने ते गावोगाव पोचविले. तथापि ही झाली नराच्या बाजूची सोय. उत्तम म्हैस मात्र एका वेताला एकच पारडू देते व तिच्या साऱ्या आयुष्यात त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहते. तिच्या बीजकोशात हजारो अंडपेशी असतात. त्यांतील बहुतेक उपयोगात न येताच नष्ट होतात. त्यांपैकी काही तरी वाचवाव्यात, हा या प्रयत्नांचा हेतू आहे.

अंडपेशी बाहेर काढली म्हणजे ती लगेच फलनास योग्य होते असे नाही. कालवड किंवा पारडी जन्मास येण्यापूर्वीच तिच्या अंडपेशींचे विभाजन अर्ध्यावर थांबलेले असते. वयात आल्यावर योग्य संप्रेरकाचा इशारा मिळाला की ते पुन्हा सुरू होते. म्हशीच्या पेशीत पन्नास गुणसूत्रे असतात. त्यांतील पंचवीस राखून उरलेली पंचवीस अंडपेशी एका इवल्याशा कणिकेच्या रूपाने बाहेर टाकते. याच वेळी आतील द्रव्याचीही तयारी पुरी व्हावी लागते, कारण फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांची शिदोरी अंडपेशीलाच पुरवावयाची असते. या साऱ्या क्रियेला परिपक्वन म्हणतात. गाय व म्हैस यांच्या अंडपेशीला त्यासाठी सुमारे बावीस ते चोवीस तास लागतात, डुकरिणीच्या अंडपेशीला चाळीसहून अधिक.

ही क्रिया शरीराबाहेर घडू शकते, हे १९३५ मध्ये पिंकस व एन्झमान या अमेरिकेतील संशोधकांनी सशाच्या अंडपेशींवरून दाखविले. १९६५ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट एडवर्ड्‌स यांनी गाय, मेंढी, डुक्कर आदी प्राण्यांच्या अंडपेशी बशीत पिकविल्याचे प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये अमेरिकेत, शरीराबाहेर फलन झालेल्या अंडपेशीपासून पहिले वासरू जन्मले. पण ती अंडपेशी गाईच्या शरीरातच पिकलेली होती. पिकविणे व फलन दोन्ही बाहेर करून वासरे मिळविण्याचे श्रेय १९८६ च्या सुमारास जपानी संशोधकांना लाभले. भारतात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० साली म्हशीचे असे पहिले पारडू जन्मास आले. त्याचे नाव ‘प्रथम’ असे ठेवण्यात आले, ते यथार्थच होते.

इतके साधले, तरी एक गोष्ट सलत राहिली. गाईच्या शंभर अंडपेशी बशीत ठेवल्या तर बहुतेक पिकल्यासारख्या दिसतात. परंतु गर्भाशयात ठेवण्याजोगा गर्भ त्यांतील तीस-चाळिसांचाच होतो. म्हशीच्या बाबतीत हे प्रमाण त्याहूनही कमी पडते, आणि मुळात तिच्या एका बीजकोशातून चांगल्या अंडपेशी मिळतात त्या जेमतेम एक-दोन. अर्थात वाया जाणारी प्रत्येक अंडपेशी येथे महाग पडते.

या नुकसानीचे एक कारण हवेतच आहे. श्वासाच्या हवेत प्राणवायू सुमारे एकवीस टक्के असतो. अंडवाहिनीत तो दोन ते आठ टक्क्यांच्या आसपासच असतो. शरीराच्या आडोशातून अंडपेशी उघड्यावर आली की तिच्याभोवती प्राणवायू एकाएकी कितीतरी पटींनी वाढतो. दिव्याचा प्रकाशही तिला नवा असतो. त्यातून पेशीत प्राणवायूची अतिशय क्रियाशील रूपे निर्माण होतात व ती भेटेल त्या रेणूवर घाला घालतात. हा प्रकार स्वयंपाकघराला अपरिचित नाही. चिरलेले वांगे हवेत काळे पडते. फार दिवस उघडे राहिलेले तूप खवट होते. म्हशीच्या अंडपेशीत स्निग्ध कण विपुल असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती काळसर दिसते ती त्यामुळेच. ज्या स्निग्धांशामुळे तुपाला खवटपणा येतो, त्याच जातीच्या द्रव्यांमुळे ही अंडपेशी अशा घाल्याला अधिक लवकर बळी पडते.

निसर्गाने यावर उपाय ठेवलेला आहे. अंडपेशी स्वतः ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक द्रव्य तयार करते. पिकण्याच्या काळात त्याचा साठा वाढतो आणि फलनानंतर शुक्रपेशीचे घट्ट आवळलेले केंद्रक उलगडण्यासही तेच उपयोगी पडते. हे द्रव्य तयार करण्यास सिस्टीन लागते. परंतु बशीतील द्रवात ते टिकत नाही, हवेने त्याचे रूप पालटते. अंडपेशीभोवतीच्या लहान सहायक पेशी ते पुन्हा वापरण्याजोगे करून देतात. म्हणूनच त्या पेशींचे वेष्टन ओरबाडले गेलेली अंडपेशी प्रयोगशाळेत कमी प्रतीची मानतात. अर्जेंटिनातील ला प्लाता येथील संशोधकांनी गाईच्या अंडपेशींच्या द्रवात सिस्टियामीन हे द्रव्य घातले व त्यामुळे ग्लुटाथायोनचा साठा वाढून गर्भही अधिक मिळतात असे १९९५ पासूनच्या प्रयोगांत दाखविले. इटलीतील नेपल्सच्या संशोधकांना म्हशीच्या बाबतीतही तसाच लाभ दिसून आला. ई व क जीवनसत्त्वे, मेलॅटोनिन अशा इतरही प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे प्राणवायूचा घाला परतविणाऱ्या, द्रव्यांची परीक्षा जगभर चालू आहे.

तथापि येथेच सावधगिरीची गरज आहे. संरक्षक द्रव्य चांगले म्हणून ते भरपूर घालावे, हा विचार अंडपेशीला मानवत नाही. प्राणवायूची तीच क्रियाशील रूपे अल्प प्रमाणात पेशीला आवश्यक असतात. थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होण्यास त्यांचा इशारा उपयोगी पडतो. ती समूळ नाहीशी केली तर पिकणेच खुंटते. क जीवनसत्त्व फार झाले आणि द्रवात लोहासारख्या धातूचे कण असले, तर ते रक्षण करावयाचे सोडून उलट अपायच करते. काही प्रयोगशाळांनी म्हणून निराळा मार्ग धरला. औषध वाढविण्याऐवजी उबवणपेटीतील प्राणवायूच त्यांनी पाच टक्क्यांपर्यंत उतरविला. पण हाही उपाय सर्वत्र सारखा लागू पडत नाही. शर्करा, संप्रेरके व रक्तद्रव यांचे प्रमाण बदलले की परिणामही बदलतो. किंबहुना अमुक द्रव्य गुणकारी, एवढे विधान पुरेसे नसून अमुक प्राण्यास, अमुक मात्रेत, अमुक वेळी गुणकारी, असेच ते करावे लागते.

एके काळी या अभ्यासाची सारी भिस्त कत्तलखान्यातून आणलेल्या बीजकोशांवर होती. आता जिवंत जनावराच्या बीजकोशातून, श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने पाहात, सुईने अंडपेशी काढता येतात व जनावर गोठ्यात परत जाते. या मार्गाने २०२१ च्या ऑक्टोबरात गुजरातच्या गीर सोमनाथ जिल्ह्यात बन्नी जातीच्या म्हशीचे पारडू जन्मास आले. मध्य प्रदेशात इटारसीजवळ देशी वंशांच्या जतनासाठी राष्ट्रीय कामधेनू प्रजनन केंद्र उभे आहे. इंदूरजवळील महू येथे १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. माळव्याची माळवी गाय व निमाडची निमाडी गाय हे वंश बैलांच्या कामासाठी जोपासले गेले. ट्रॅक्टर आल्यावर त्यांची गरज ओसरली. असा वंश विरळ होऊ लागला म्हणजे त्यातील एकेका उत्तम गाईची प्रत्येक अंडपेशी मोलाची ठरते, आणि ती बशीत जपण्याची विद्या केवळ दुधापुरती राहात नाही.

साध्या पशुपालकाने यातून काय घ्यावे? प्रयोगशाळेतील थेंब हा गोठ्यातील औषध नव्हे. बाजारात प्रतिऑक्सिडीकारक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीने आपली म्हैस हमखास गाभण राहील, अशा आशेवर पैसा खर्चू नये. हिरव्या वैरणीत ई जीवनसत्त्व असते. योग्य क्षारमिश्रणातून सेलेनियमसारखी अल्पांश द्रव्ये मिळतात. आणि वैशाखातील दुपारी सावली व डुंबण्यास पाणी मिळाले तर उष्णतेचा ताप कमी होतो. अंडपेशी बीजकोशात वाढत असते तेव्हाच तिचे पुष्कळसे बरेवाईट ठरून जाते. उन्हात होरपळलेल्या, अर्धपोटी जनावराच्या अंडपेशीची ती उणीव बशीतील कोणतेही द्रव्य पुरी भरून काढू शकत नाही.

संशोधकांसाठीही कसोटी तितकीच कठोर आहे. बशीत किती अंडपेशी पिकल्या, या आकड्यावर समाधान मानता येणार नाही. त्यांतून किती गर्भ टिकले, किती म्हशी गाभण राहिल्या आणि किती निरोगी पारडी गोठ्यात उभी राहिली, हाच अखेरचा हिशेब होय. त्या हिशेबात जे द्रव्य उतरेल, तेवढेच पशुपालकाच्या कामाचे.