घोड्याची चंदी कोण घालणार?

(शताब्दी सप्ताहात चौथ्या दिवशी दुपारी झालेले भाषण. वक्ते निवृत्त पशुधन पर्यवेक्षक असून दिंडीतले जुने वारकरी आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



 आजचा विषय मला विश्वस्तांनी दिलेला नाही, पोरांनी दिलाय. शताब्दीच्या निमित्तानं दिंडीनं स्वतःचा घोडा घ्यावा, अशी बोलणी चालू आहेत. ती ऐकून आपल्यातल्या तीन पोरांनी स्वतःसाठीच घोडी बघायला सुरुवात केली. दोघं कंपनीत कंत्राटी आहेत, तिसरा भाजीचा टेम्पो चालवतो. घरच्यांनी त्यांना माझ्याकडं धाडलं. म्हणाले, अण्णा, तुमची सगळी नोकरी जनावरांत गेली, तुम्हीच सांगा, गरिबाला घोडं परवडतं का?

लोकांना वाटलं मी 'नाही' म्हणून मोकळा होईन. तसं नाही. गरिबानं आपल्या मुलखात घोडं पाळलेलं आहे, आजही पाळतो. कसं पाळतो ते आधी बघू.

घोडा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं रिंगण येतं. पुढं जरीपटक्याचा स्वार आणि त्याच्यामागं मोकळ्या पाठीचा माऊलींचा अश्व. त्याच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला आजची शिस्त लावली तेव्हापासून या अश्वांची सेवा अंकलीच्या शितोळे सरकारांकडं आहे. अंकली कुठं, तर बेळगाव जिल्ह्यात, चिकोडीकडं. तिथून हे अश्व दरसाल पायी आळंदीला येतात. आता बघा, लाखो वारकऱ्यांपुढं दोन घोडे, आणि ते पोसायला एक सरदार घराणं. आपल्या बापजाद्यांनी घोड्याला हात जोडले, पण 'मला असाच एक पाहिजे' असं म्हणाले नाहीत. तुकोबांनी शिवरायांचा नजराणा परत पाठवला, त्यात घोडेही होते असं परंपरा सांगते. मी पशुखात्यातला माणूस, मला त्यात वैराग्यासोबत व्यवहारही दिसतो. दारात घोडा आला की मोतद्दार आला, चंदी आली, पागा आली, आणि अभंग राहिले बाजूला!

महाराजांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार होते. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. मावळच्या गरीब पोराच्या मांडीखाली घोडा आला तो पुष्कळदा बारगीर म्हणून. घोडा सरकारचा, चंदी सरकारची, मेहनत आणि मर्दुमकी त्याची. ही वाट ध्यानात ठेवा, पोरांनो, तुमच्यासाठी परत तिच्यावर येणार आहे.

आता खरा गरीब घोडेवाला सांगतो. दिवाळी सरली की पुरंदर, बारामती, शिरूरकडचे मेंढके धनगर कोकणाकडं निघतात. मेंढरं पुढं, आणि मागं तट्टांच्या पाठीवर सगळा संसार. भांडी, वाघुरी, नुकतं जन्मलेलं कोकरू, कोंबड्या आणि वर एखादं पोर बसलेलं. ही भीमथडी तट्टं. भीमेच्या खोऱ्यातली ही जात बुटकी, काटक, खडकाळ वाटेला न डगमगणारी. अलीकडं राष्ट्रीय पातळीवर तिची वेगळी जात म्हणून नोंद झाली, बरं झालं. या धनगराकडं बँकेत काय आहे? बहुतेकांकडं काहीच नाही. तरी त्याला घोडं परवडतं, कारण तट्टू मेंढरांबरोबर चरतं. बांधावरचं, ओढ्याकाठचं, गायरानातलं गवत त्याची वैरण. आणि ते रोज काम करतं. ज्या दिवशी घोडं नसेल त्या दिवशी बिऱ्हाड हलत नाही. त्याच्या घोड्यामागं पैसा नसतो, रान असतं आणि काम असतं.

आपल्याकडं याच्या उलट झालं. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या पट्ट्यात पैसा आला आणि रान गेलं. मी नोकरीला लागलो तेव्हा दवाखान्यातून निघालं की मोशी-चिंबळीपर्यंत सायकलवर नुसता गवताचा वास यायचा. आता कंपनीच्या कुंपणाबाहेरचं गवतसुद्धा यंत्रानं कापून ट्रॉलीत जातं. माळावर गोदामं उभी राहिली. आणि कामाचं म्हणाल, तर पुण्यातला टांगेवाला काय श्रीमंत होता? दिवसाच्या भाड्यावर दिवसाची चंदी, असा त्याचा हिशेब. आकुर्डीत रिक्षा तयार व्हायला लागल्या, टांग्याचं भाडं गेलं, त्याबरोबर घोडंही गेलं. देशाची २०१९ ची पशुगणना सांगते की घोडे-तट्टं मिळून ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरली. सात वर्षांत निम्म्याच्या जवळपास कमी झाली.

आता मुद्द्यावर येतो, घोडं कुठं पेंड खातंय ते बघू. पोरं म्हणतात, अण्णा, हप्त्यानं घेऊ. अरे, हप्ता तीन वर्षांत फिटतो, घोडं पंचवीस वर्षं जगतं. घोड्याची किंमत म्हणजे त्याच्या खर्चातला सगळ्यात लहान भाग. मी पाटीवर मांडलेला हिशेब पुन्हा सांगतो. भाव मी धरलेले आहेत, तुम्ही आपापल्या दुकानाचे घाला. घोडी ३०० किलोची धरली तर तिला दिवसाला ७-८ किलो खाणं लागतं. भिजवलेला हरभरा १ किलो, ७० रुपये. गव्हाचा भुसा १ किलो, ३० रुपये. कडबा आणि वाळलं गवत मिळून ६ किलो, किलोला १२ प्रमाणं ७२ रुपये. झाले १७२. महिन्याचे ५ हजार १६०. दीड-दोन महिन्यांनी नालबंद येणार, तो आता हाकेवर राहिलेला नाही, त्याच्या गाडीभाड्यासकट महिन्याला ४०० धरा. जंताचं औषध, धनुर्वाताची लस, आजारपणासाठी बाजूला टाकायचे म्हणून ५००. सहा हजार झाले! यात जागेचं भाडं नाही, खोगीर-लगाम नाही, दिवसाचं तीसेक लिटर पाणी नाही. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा घरची बाई आधी घोडीला पाणी देईल का हंडा भरेल? कंत्राटी पोराच्या हातात १६ हजार पडत असतील तर खोलीभाडं आणि घोडी यातच १०-११ हजार गेले. मग आईची गोळी, पोराची फी कशातून?

पैशापेक्षा अवघड गोष्ट आहे वेळ. घोडं म्हणजे गाडी नव्हे, किल्ली काढून उभी केली आणि झोपलो. त्याचं पोट लहान, त्याला थोडंथोडं सारखं खायला लागतं. दोन वेळ खरारा, लीद काढणं, रोज फिरवणं. तुमची पाळी बारा तासांची, वर बसचा प्रवास. मग काय होतं ते मी पाहिलेलं आहे. घोडी पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटवर दिवसभर अगाडी-पिछाडी बांधलेली, आणि रात्री मालक येऊन मायेनं पाटीभर चंदी एकदम पुढं ओततो. घोड्याला उलटी होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पोटात गेलेलं वरून बाहेर येण्याची वाटच नाही. फुगलं, आतडं वळलं की पोटशुळानं एका रात्रीत जातं. अशा रात्री शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत टेम्पोत घालून न्यायचं म्हणजे नाशिक फाट्यापासूनच देव आठवतो.

कमाईचं बोला, असं टेम्पोवाला म्हणाला. खरंय, कमाई आहे. आपल्या भागात शर्यतीत गाड्यापुढं घोडी पळते, तिच्यामागं बैल सुटतात. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. घाट पुन्हा भरायला लागले, घोडीला पुन्हा काम आलं. दुसरी कमाई वरातीची. पण पंचांग काढून बघा. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, ज्येष्ठाच्या पुढं सरतात. निमगावच्या खंडोबापासून गावोगावच्या यात्रा, शर्यती, त्याही मुख्यतः त्याच महिन्यांत. दोन्ही धंद्यांची सुगी एकच आणि दोन्हींची उपासमारही एकच! चातुर्मास लागला की घोडीला ना वरात ना घाट, आणि तोंड मात्र बाराही महिने चालू. त्यातच पावसाळा, खूर भिजून कुजतात, गोमाश्यांनी सर्रा होतो. म्हणजे कमाई बंद तेव्हाच औषधपाणी जास्त. २०२० आणि २०२१ ला तर पादुकासुद्धा एसटीनं पंढरीला गेल्या, वराती बंद, शर्यती आधीच बंद. त्या दोन वर्षांत बरगड्या मोजता येतील अशी जनावरं मी बघितली. मालक वाईट नव्हते हो. स्वतः अर्धी भाकर खाऊन घोडीला घालणारे होते. पण जनावराला तुमच्या मायेचं पोषण होत नाही, चंदीचं होतं.

सरकारची योजना आहे का, असं एकानं विचारलं. केंद्रानं २०२४ साली राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या पैदाशीसाठी भांडवली अनुदान आणलं, निम्मं भांडवल मिळतं. पण उरलेलं निम्मं कुणाचं? ती योजना पैदास केंद्र काढणाऱ्याची आहे, दारात एक घोडी बांधणाऱ्याची नाही.

आता माझं मत. दिंडीनं घोडा घेऊ नये. वारी महिन्याची, बाकी अकरा महिने तो कुणाच्या दारात राहणार हे आजवर एकाही बैठकीत कुणी बोललेलं नाही. रिंगणाचे अश्व मानाचे, सरावाचे, आपला घोडा तिथं धावणार नाही. तो फोटोपुरता राहील, आणि फोटो झाल्यावर एका गरीब सेवेकऱ्याच्या गळ्यात पडेल.

पोरांनी घोडी घ्यावी का? एकेकट्यानं घेऊ नये. तिघांनी मिळून एक घ्यावी, आणि तीही तिघांतल्या ज्याच्या घरी अजून दहा गुंठे पड शिल्लक आहे त्याच्या दारात. त्याचे वडील दिवसा घरी असतात, घास पेरता येईल, लीद शेताला जाईल. खर्च तीन ठिकाणी वाटला की माणशी दोन हजार पडतात, ते झेपतील. पण आधी चातुर्मासाचे चार महिने पुरेल एवढी वैरण आणि रक्कम बाजूला काढा, मग अकलूजच्या नाहीतर सारंगखेड्याच्या बाजाराची वाट धरा. मी बरोबर येईन. दात बघीन, पाय उचलून बघीन. कोवळं शिंगरू स्वस्त दिसलं तरी घेऊ देणार नाही, सांगून ठेवतो. त्याला शिकवायला तुमच्याकडं वेळ नाही, उगाच हेलपाट्यानं मरायचं. आणि तोवर बारगिराची वाट मोकळी आहे. ज्यांच्याकडं घोड्या आहेत त्यांना सकाळी हात पाहिजेच असतो. खरारा करा, लीद काढा, रपेट शिका. चार महिने ते करून टिकलात तर पुढं बोलू.

घोड्यासाठी म्हणून दिंडीत जी वर्गणी बोलली गेलीय तिचं काय, तर मी एक सुचवतो. आपल्या वेशीवरचा दगडी हौद बुजलाय, त्यात प्लॅस्टिक आणि दारूच्या बाटल्या आहेत. तो उपसून, पाईप जोडून, भरता ठेवायला फार पैसा लागणार नाही. दिवाळीनंतर धनगरांची बिऱ्हाडं या रस्त्यानं जातात. आज त्यांची तट्टं ट्रकच्या रांगेतून तहानलेलीच पुढं हाकावी लागतात, कारण थांबायला जागा नाही. हौदाशेजारची ती पाच-सहा गुंठ्यांची पड ग्रामपंचायतीच्या नावावर आहे, सरपंच इथं बसलेत. तिथं रात्रभर वाडा उतरू द्यायचा ठराव त्यांनी या महिन्याच्या ग्रामसभेत आणावा, अर्ज मी लिहून आणलाय. काल्याच्या दिवशी सह्यांना वही ठेवतो.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!