गुण येईपर्यंत



रावेरची केळी कापणीला आलेली असते, साक्रीकडे कापूस वेचायचा असतो आणि घरातला कर्ता माणूस शेताकडे फिरकेनासा होतो. जेवण गोड लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते. गावातल्या डॉक्टरांना तो अंगदुखी आणि ॲसिडिटी सांगतो, सलाईन लावून घरी येतो. कधी झोपेची गोळी मिळते. झोप लागते, पण नैराश्य तसंच राहतं, वर गोळीची सवय जडते.

पुढे कुणीतरी त्याला जळगावला किंवा धुळ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेतं. खरी कसोटी तिथून सुरू होते. एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. ‘या गोळ्यांनी तर जास्तच बिघडलं,’ असं घरात ठरतं आणि गोळ्या बंद होतात. याचा दोष मी रुग्णाला देणार नाही. आधी त्रास, मग गुण, हे पहिल्याच भेटीत त्याला आणि घरच्यांना नीट सांगायला हवं.

शिवाय पहिलंच औषध लागू पडेल असं नाही. २००६ साली निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने जेमतेम एक तृतीयांश रुग्णांची लक्षणं जवळपास पूर्ण गेली. इतरांना औषध बदलावं किंवा जोड द्यावी लागली. चोपडा-शिरपूरच्या पाड्यावरच्या माणसासाठी अशा प्रत्येक बदलाचा अर्थ पुन्हा एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. राज्यातली जुनी मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला; खान्देशात एकही नाही. म्हणून दर भेटीला जळगाव-धुळ्याला यावं लागू नये, पुढच्या गोळ्या तालुक्यालाच मिळाव्यात, असं मला कळकळीनं वाटतं.

बरं वाटलं की गोळी सोडण्याची घाई होते. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं. एकदम थांबवलं तर चक्कर येते, चिडचिड होते, आजार उलटतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायचं.

घरच्यांनो, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात ठेवा. नैराश्यावरची काही जुन्या पिढीतली औषधं जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयावर घाला घालतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर औषध सुरू झाल्यावर सुरुवातीचे आठवडे विशेष लक्ष ठेवा. कुणी मरणाची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.