संगणकाची वीज आणि यूएसबी उपकरणे
रायपूरच्या कडक उन्हाळ्यात संगणक अचानक बंद पडला की संशय उष्णतेवर किंवा वीजपुरवठ्यावर जातो. परंतु दोष कधीकधी यूएसबी पोर्टला, म्हणजे उपकरणे जोडण्याच्या खाचेला, लावलेल्या वस्तूत असतो. यूएसबी 2.0 पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर प्रवाह देतो, त्यामुळे स्वतंत्र वीज नसलेल्या हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीवर, हार्ड डिस्कसह अनेक उपकरणे लावल्यास तेवढ्याच प्रवाहाची वाटणी होऊन डिस्कचा संपर्क तुटतो. पोर्टमधील वाकलेल्या पिना एकमेकींना टेकल्यास मात्र शॉर्टसर्किट होऊन संगणक सुरूच होत नाही, आणि ही शक्यता तपासायची हमखास राहून जाते. अशा वेळी संगणक बंद करून सर्व यूएसबी उपकरणे काढावीत, तो सुरू झाल्यास ती एकेक करून जोडावीत, आणि बिघाड परतताच शेवटच्या उपकरणाची केबल व पोर्ट बदलून पाहावा.