जोड्या लावा



माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचं परीक्षण करताना एका समीक्षकानं मला 'स्वमग्न कवी' म्हटलं होतं. मला ते आवडलं. ते कात्रण मी जपून ठेवलं. पुढं पंचवीस वर्षांनी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी माझ्या केसपेपरवर 'ऑटिझम' लिहिलं. मराठीत त्याला म्हणतात स्वमग्नता. शब्द तोच, पण या वेळी तो कौतुकाचा नव्हता, निदानाचा होता.

मी तिथं पोचलो तो माझ्या बहिणीच्या नातवामुळं. पोरगा चार वर्षांचा होऊनही बोलेना, म्हणून त्याला दाखवायला नेलं होतं. डॉक्टरबाई त्याच्या आईला विचारत होत्या : मोठ्या आवाजानं कान झाकतो का? वस्तू ओळीनं मांडून ठेवतो का? ठरलेलं बदललं की बिथरतो का? आणि बाकड्याच्या टोकाला बसलेला मी मनातल्या मनात माझी उत्तरं देत होतो. सगळी 'हो' येत होती.

कविसंमेलनात हजार माणसांपुढं कविता वाचताना मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती नंतरच्या चहाची. ईदच्या दिवशी गळाभेट सुरू झाली की मी आकडे मोजतो. लोक मला शिष्ट समजतात. बायकोची तक्रार तीस वर्षं एकच, "तुम्ही माझ्याकडं बघून बोलत नाही."

धीर करून आधी जवळच्याच एका रुग्णालयात गेलो. तिथले तरुण डॉक्टर हसून म्हणाले, "काका, हे लहान मुलांचं असतं," आणि झोपेची गोळी लिहून दिली. त्यांनाही फार दोष देता येत नाही. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं वर्णन केलं, ते अकरा मुलांवरून. आपल्याकडं 1995च्या अपंगांच्या कायद्यात तिचं नावही नव्हतं. 2016च्या कायद्यानं तिला एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत जागा दिली. पण ती मुलं मोठी होतात, कारकून होतात, कवी होतात. स्वमग्नता औषधानं जात नाही आणि वयानंही जात नाही.

मग मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, त्याच डॉक्टरबाईंकडं गेलो. सकाळी आठला केसपेपरची रांग, दुपारी एकला नंबर. अशा चार फेऱ्या झाल्या. यात रक्ताची तपासणी नसते, फोटो काढायचा नसतो. विचारपूस आणि निरीक्षण, यावरच सारी भिस्त. तिसऱ्या फेरीला बाई म्हणाल्या, "तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कोणी आहे का? हे लहानपणी होतं का, ते पाहिल्याशिवाय मला लिहिता येणार नाही."

अम्मा-अब्बा आता नाहीत. उरली माझी थोरली बहीण. पासष्टीची आपा एसटीनं पाच तास प्रवास करून आली. अम्माच्या मृत्यूपासून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढंच होतं. बाईंनी विचारलं आणि आपानं गाऱ्हाणंच मांडलं. "लहानपणी हा मशिदीबाहेर चपलांच्या जोड्या लावत बसायचा. पोरं चिडवायची. ते सोडा. पण अम्माची मय्यत घरात होती, आम्ही रडत होतो, आणि हा अंगणात आल्यागेल्याच्या चपला जोडीनं लावत होता. एक थेंब काढला नाही डोळ्यांतून."

बाईंनी लिहिणं थांबवलं आणि मला विचारलं, "त्या वेळी तुम्हाला काय होत होतं?"

मी म्हणालो, "घरातलं रडणं कानाला सोसत नव्हतं. सगळं विस्कटलंय असं वाटत होतं. तेवढं एकच मला नीट लावता येत होतं."

आपा माझ्याकडं बघत राहिली. मी नेहमीप्रमाणं जमिनीकडं बघत होतो.

निदानानं माझ्यात फरक पडला नाही. अपंगत्वाचा दाखला ही वेगळी प्रक्रिया; ज्यांना शिक्षणात, नोकरीत सवलतीची गरज आहे त्यांनी तो जरूर काढावा. मी काढला नाही. घरात मात्र फरक पडला. आता बायको आणि मी संध्याकाळी शेजारी शेजारी बसून, समोरच्या रस्त्याकडं बघत बोलतो. पूर्वीपेक्षा जास्त बोलतो.

'स्वमग्नता' या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. त्या दिवशी अंगणात मी स्वतःत मग्न नव्हतो. अम्माच्या शेवटच्या पाहुण्यांना आपापल्या चपला सापडाव्यात, एवढंच मी पाहत होतो.

श्रोत्यांपैकी कोणाच्या मनात असा प्रश्न असेल, तर 14416 हा सरकारचा मोफत दूरध्वनी आहे. तिथं मराठीतही बोलता येतं. सरकारी रुग्णालयाच्या रांगेला भिऊ नका. आणि तुमचं लहानपण आठवणारं माणूस हयात असेल, तर त्याला सोबत न्या. उशीर करू नका.

आपाला सोडायला स्टँडवर गेलो होतो. गाडीत बसल्यावर ती खिडकीतून म्हणाली, "त्या दिवशी माझी चप्पल मला अंधारातसुद्धा लगेच सापडली होती." गाडी सुटली. बोलायचं ते मला तेव्हाही सुचलं नाही. पण आपाला आता त्याचं काही वाटत नसावं.